रॅमचा स्पीड वाढवला की पीसी का लटकतो? एक्सएमपीचा त्रास ओळखायचा आणि काढायचा कसा

कराडला राहणारा माझा मावसभाऊ लग्नाचे व्हिडिओ करतो. शूटिंग, एडिटिंग, अल्बम, सगळं एकटाच. मागच्या दिवाळीत त्याने पीसीची रॅम वाढवली. आधी ८-८ जीबीच्या दोन स्टिक होत्या, डीडीआर४, ३६०० स्पीडच्या. त्याच मॉडेलच्या आणखी दोन मागवल्या आणि रिकाम्या स्लॉटमध्ये बसवल्या. बायोसमध्ये एक्सएमपी आधीपासून चालूच होतं. पीसी सुरू झाला, टास्क मॅनेजरमध्ये ३२ जीबी आणि ३६०० असं दिसलं. झालं काम, असं त्याला वाटलं.

तुळशीचं लग्न झालं, सीझन सुरू झाला आणि आठवड्याभरात त्याचा फोन आला. "दादा, पीसीला काहीतरी झपाटलंय बघ."

कधी ब्राउझरचा टॅब आपोआप बंद व्हायचा. कधी एक्स्पोर्ट सत्तर टक्क्यांवर थांबायचं. डाउनलोड केलेली झिप फाइल उघडताना सीआरसी एरर यायची आणि तीच फाइल पुन्हा डाउनलोड केली की निमूट उघडायची. दोन-तीन दिवसांतून एकदा ब्लू स्क्रीन, तीही दर वेळी वेगळ्या नावाची. गावातल्या माणसाने विंडोज दोनदा नवी टाकून दिली. मग एसएसडी बदलली. मग लाइटच्या चढ-उतारावर संशय आला म्हणून एसएमपीएस बदलला. रॅमकडे कोणी बघितलंच नाही, कारण रॅम तर पूर्ण दिसत होती.

खरा फटका बसला तो वेगळ्याच ठिकाणी. एका लग्नाची कार्डं त्याने पीसीवर कॉपी केली. दुसऱ्या दिवशी दुसरीकडे शूट होतं म्हणून ती फॉरमॅटही केली. एडिटिंगला बसला तेव्हा हळदीच्या काही क्लिपमध्ये मध्येच दोन-तीन सेकंद हिरवे-गुलाबी चौकोन दिसायला लागले. कॉपी करताना एकही एरर आली नव्हती. फाइलचा साइझ बरोबर, नाव बरोबर, फक्त आतले काही बिट बदललेले. कार्डावर दुसऱ्या लग्नाचं शूट झालेलं असल्यामुळे रिकव्हरीचाही मार्ग उरला नाही.

म्हणून हा लेख. रॅम वेगात चालवताना पीसी बंद पडला तर ते एक वेळ परवडतं, निदान ते कळतं तरी. न कळता डेटा खराब होणं हा खरा धोका आहे.

डब्यावरचा आकडा नेमका कुणाचा?

रॅमच्या डब्यावर ३६०० लिहिलेलं असतं, पण स्टिक बसवून पीसी चालू केला की ती बहुतेक वेळा २१३३, २४०० किंवा २६६६ ला चालते. हा स्टिकचा मूळ वेग. जेडेक नावाची संस्था रॅमची मानकं ठरवते, त्यात बसणारा. डीडीआर४ मध्ये या मानकाप्रमाणे १.२ व्होल्ट लागतात. डब्यावरचा मोठा आकडा मिळवायला बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू करावं लागतं. इंटेलने २००७ मध्ये डीडीआर३ च्या काळात ही सोय आणली. एएमडीच्या बोर्डांवर तिलाच कुठे डीओसीपी, कुठे ए-एक्सएमपी म्हणतात. डीडीआर५ साठी एएमडीने २०२२ मध्ये स्वतःची एक्स्पो ही पद्धत काढली. नावं वेगळी असली तरी काम एकच. स्टिकच्या छोट्या चिपमध्ये कंपनीने वेग, टायमिंग आणि व्होल्टेज यांचा एक तयार संच लिहून ठेवलेला असतो, बायोस तो वाचतं आणि लागू करतं. ३२०० किंवा ३६०० च्या बऱ्याच डीडीआर४ किटमध्ये व्होल्टेज त्याबरोबर १.३५ होतं.

एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. एक्सएमपी म्हणजे ओव्हरक्लॉकिंगच. रॅमची कंपनी फक्त स्वतःच्या स्टिकबद्दल बोलते आहे. तुमच्या प्रोसेसरचा मेमरी कंट्रोलर तो वेग पेलेल की नाही, याची हमी तिने दिलेली नाही आणि प्रोसेसरच्या कंपनीनेही नाही. उदाहरणार्थ, एएमडीच्या रायझेन ३००० मालिकेत दोन स्टिक असतील तर अधिकृत वेग ३२००. चार स्टिक लावल्या की तो २९३३ वर येतो आणि त्या चारही ड्युअल रँकच्या, म्हणजे प्रत्येकीवर चिपांचे दोन संच असलेल्या असतील, तर २६६७ वर. डीडीआर५ वाल्या रायझेन ७००० मध्ये ही घसरण आणखी मोठी आहे. दोन स्टिकला ५२००, चार स्टिकला ३६००.

प्रत्यक्षात यापेक्षा जास्त वेग मिळतो, अगदी आरामात मिळतो, म्हणून तर सगळे एक्सएमपी चालू करतात. मीही करतो. पण तो मिळणं हा तुमच्या विशिष्ट प्रोसेसरच्या नशिबाचा भाग आहे. एकाच मॉडेलचे दोन प्रोसेसर घेतले तर एक चार स्टिक ३६०० ला चालवेल आणि दुसरा ३२०० लाही कुरकुरेल. दोन्हींपैकी एकालाही खराब म्हणता येणार नाही.

(जाता जाता: ३६०० ला सगळे मेगाहर्ट्झ म्हणतात, पण ते सेकंदाला होणारे दशलक्ष ट्रान्सफर असतात. डीडीआरमध्ये घड्याळाच्या एका ठोक्याला दोनदा डेटा जातो, म्हणून सीपीयू-झेडमध्ये १८०० दिसलं तर घाबरू नका, अर्धी रॅम चोरीला गेलेली नाही.)

वेग वाढला की नेमकं बिघडतं काय?

३६०० च्या वेगात प्रत्येक तारेवर एका बिटला मिळणारा वेळ असतो साधारण ०.२८ नॅनोसेकंद. मदरबोर्डच्या तारांमधून सिग्नल एका नॅनोसेकंदात अंदाजे १५ सेंटिमीटर जातो. म्हणजे एका बिटच्या वाट्याला आलेल्या वेळात तो चार-सव्वाचार सेंटिमीटर पुढे सरकतो. प्रोसेसरपासून रॅमच्या स्लॉटपर्यंतचं अंतर तेवढं किंवा त्याहून जास्त असतं. पहिला बिट पोचायच्या आत मागून दुसरा निघालेला असतो. अशा ६४ डेटा तारा शेजारी शेजारी, आणि सगळ्यांवरचे बिट एकाच वेळी बरोबर वाचले गेले पाहिजेत. ६००० च्या डीडीआर५ मध्ये हाच वेळ ०.१७ नॅनोसेकंदांपर्यंत खाली येतो.

यात तारेच्या टोकाला सिग्नल आपटून थोडा मागे फिरतो, विहिरीत ओरडल्यावर आवाज फिरतो तसा. बऱ्याच घरगुती बोर्डांवर स्लॉटची जोडी एकामागे एक जोडलेली असते, म्हणून दोनच स्टिक असतील तर त्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायला सांगतात. पहिल्या-तिसऱ्यात लावल्या तर पुढचा मोकळा तुकडा लोंबकळत राहतो आणि प्रतिध्वनी वाढतो. चार स्टिक लावल्या की प्रत्येक तारेवर दुप्पट ओझं.

पीसी चालू होताना बायोस या सगळ्याचा अंदाज घेतं. कोणत्या क्षणी तार वाचली की उत्तर स्वच्छ मिळतं हे तपासतं. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. वेग जितका जास्त, तितका तो स्वच्छ क्षण अरुंद. आणि ट्रेनिंगचं उत्तर दर वेळी तंतोतंत सारखं येत नाही. सोमवारी दिवसभर पीसी नीट चालला आणि मंगळवारी सकाळपासून रडायला लागला, असं होण्याचं हे एक मोठं कारण. "काल तर चालत होता" हा पुरावा इथे कामाचा नाही.

हे रॅममुळेच आहे हे कसं ओळखायचं?

एरर जागा बदलते का ते बघा. एकच प्रोग्रॅम, एकच बटण दाबल्यावर, दर वेळी बंद पडत असेल तर दोष बहुतेक सॉफ्टवेअरचा किंवा ड्रायव्हरचा. आज ब्राउझर, उद्या एडिटिंग सॉफ्टवेअर, परवा विंडोज अपडेट, आणि ब्लू स्क्रीनवर कधी मेमरी मॅनेजमेंट, कधी आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल, कधी पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया, असं फिरतं चित्र असेल तर हार्डवेअरकडे वळा आणि पहिला नंबर रॅमचा लावा. झिप फाइल एकदा उघडते, एकदा नाही, हे तर जवळजवळ बोट दाखवून सांगणं झालं.

इव्हेंट व्ह्यूअर उघडून सिस्टिम लॉगमध्येही डोकवा. तिथे कर्नल-पॉवर ४१ दिसलं तर त्याचा अर्थ एवढाच की पीसी नीट शटडाउन न होता बंद झाला. लोक हा आकडा बघून एसएमपीएस बदलायला धावतात, माझ्या भावाकडे तेच झालं. लाइट गेली तरी हीच नोंद होते. त्यापेक्षा व्हीआ-लॉगर नावाच्या नोंदी महत्त्वाच्या, विशेषतः १८ आणि १९ क्रमांकाच्या. त्या प्रोसेसरने स्वतः पकडलेल्या हार्डवेअर चुका असतात.

मायक्रोसॉफ्टमधले रेमंड चेन यांनी २००५ मध्ये एक किस्सा लिहिला होता. विंडोज क्रॅशच्या रिपोर्टांमध्ये त्यांच्या सहकाऱ्याला काही असे सापडले की प्रोग्रॅम बंद पडला होता तो एका रजिस्टरमध्ये शून्य भरण्याच्या साध्या सूचनेवर. त्या सूचनेत चुकण्यासारखं काही नाहीच, ती मेमरीला हातही लावत नाही. त्या ग्राहकांना विचारलं तर निघालं ओव्हरक्लॉकिंग. काहींना तर आपला पीसी ओव्हरक्लॉक केलेला आहे हेच माहीत नव्हतं, दुकानाने परस्पर करून दिला होता. तिथे मामला प्रोसेसरचा होता, पण आज "एक्सएमपी लावून दिलंय साहेब" म्हणत हातात आलेल्या पीसीची गोष्ट फार वेगळी नाही.

आधी बायोस, मग बॅकअप

पीसी असा वागायला लागला की पहिला विचार येतो, चला, महत्त्वाचं सगळं पटकन हार्ड डिस्कवर कॉपी करून घेऊ. थांबा. कॉपी होणारा प्रत्येक बाइट त्याच संशयित रॅममधून जाणार आहे. आधी पीसी रीस्टार्ट करा, डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा, एक्सएमपी बंद करा, सेव्ह करून बाहेर या. बॅकअप त्यानंतर. वेग कमी होईल, होऊ दे.

एक्सएमपी लावल्यावर पीसी चालूच होत नसेल, काळा स्क्रीन येत असेल, तर बायोस रीसेट करावं लागतं. पॉवरची वायर काढून मदरबोर्डवरच्या क्लिअर सीमॉसच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने काही सेकंद जोडायच्या किंवा गोल बॅटरी काढून थोड्या वेळाने परत बसवायची. त्याआधी जरा वाट मात्र बघा. डीडीआर५ च्या नव्या बोर्डांवर पहिल्यांदा ट्रेनिंग होताना स्क्रीन काही मिनिटं काळा राहू शकतो. रॅम गेली असं समजून लोक त्याच वेळी बटण दाबून बंद करतात आणि ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

आता मूळ वेगावर तपासणी. विंडोजमध्ये असलेलं मेमरी डायग्नोस्टिक ठार मेलेली स्टिक पकडतं, काठावरची नाही, त्यामुळे त्याने पास केलं तर फार खूश होऊ नका. मेमटेस्ट८६ किंवा मेमटेस्ट८६ प्लस पेनड्राइव्हवर टाका आणि त्यावरून पीसी सुरू करा. पहिल्याची फुकट आवृत्ती चार पास करते, दुसरं पूर्ण मोफत आणि ओपन सोर्स आहे. ३२ जीबीला चार पास म्हणजे रात्रभराचं काम, झोपताना लावून द्या. निकाल वाचायला सोपा आहे. एक एरर आली तरी नापास. "एकच तर आलीय" असं म्हणायचं नाही. त्या एका बिटने हळदीची क्लिप खाल्ली.

मूळ वेगावरही एरर येत असेल तर एक्सएमपीचा संबंध नाही. एखादी स्टिक किंवा स्लॉट खराब आहे. एक-एक स्टिक एकाच स्लॉटमध्ये लावून तपासा, दोषी सापडेल. सगळ्याच स्टिक नापास होत असतील तर स्लॉट बदलून बघा, स्टिकचे सोनेरी काँटॅक्ट साफ करा. बऱ्याच कंपन्यांच्या रॅमला दीर्घ किंवा लाइफटाइम वॉरंटी असते, बिल मात्र जपून ठेवलेलं पाहिजे. किट म्हणून घेतलेल्या दोन्ही स्टिक एकत्रच परत पाठवाव्या लागतात बहुतेकदा.

भावाच्या चारही स्टिक मूळ वेगावर रात्रभरात शून्य एररवर पास झाल्या. म्हणजे रॅम ठणठणीत, वेग पेलवत नव्हता.

वेग परत मिळवताना

इथून पुढचा नियम कंटाळवाणा आहे पण त्याला पर्याय नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, तपासायची, वहीत लिहायची. चार सेटिंग एकदम बदलली आणि पीसी चालला, तर कशामुळे चालला हे कधीच कळत नाही. भावाने शूटच्या तारखांची वही असते तिच्याच मागच्या पानावर हे लिहिलं.

सुरुवात बायोस अपडेटने करा. नव्या बायोसमध्ये रॅम ट्रेनिंग सुधारलेलं असण्याची शक्यता बरीच असते. अपडेट करताना एक्सएमपी बंद हवं, आणि आपल्याकडे लाइटचा भरवसा नाही तेव्हा यूपीएस असेल तरच. मधेच लाइट गेली तर रॅमचा प्रश्न बाजूला राहील आणि मदरबोर्डच दुरुस्तीला जाईल. बोर्डाच्या वेबसाइटवर क्यूव्हीएल नावाची यादी असते, कंपनीने कोणत्या रॅम किती वेगाला आणि किती स्लॉट भरून तपासल्या त्याची. तुमचं किट त्यात नसलं म्हणून ते चालणार नाही असं नव्हे, पण "चार स्टिक" च्या रकान्यात तुमच्या वेगाजवळ खूण नसेल तर ती सूचना समजा.

मग एक्सएमपी लावून वेग एक पायरी खाली. ३६०० ऐवजी ३४६६, मग ३३३३, मग ३२००. टायमिंग आणि व्होल्टेज एक्सएमपीचेच राहू द्या. माझ्या मते नव्वद टक्के लोकांनी इथेच थांबावं. व्होल्टेजशी खेळत तीन रविवार घालवून जे मिळतं ते डोळ्यांना दिसत नाही. हिशेबच बघा ना. रॅमने उत्तर द्यायला घेतलेला वेळ काढायचा तर सीएलच्या आकड्याला दोन हजारांनी गुणून वेगाने भागायचं. ३६०० ला सीएल १८ म्हणजे १० नॅनोसेकंद. ३२०० ला सीएल १६ म्हणजेही १० नॅनोसेकंद! डेटाची रुंदी थोडी कमी झाली, प्रतीक्षा तेवढीच. उलट मूळ २१३३ ला सीएल १५ असेल तर १४ नॅनोसेकंद होतात, तो फरक मात्र जाणवतो. म्हणून एक्सएमपी कायमचं बंद ठेवण्यापेक्षा मधला वेग शोधणं फायद्याचं.

तरीही डब्यावरचाच वेग हवा असेल तर पुढची पायरी व्होल्टेजची. डीडीआर४ ला १.३५ वरून १.३७, मग १.३९. १.४० च्या पुढे मी स्वतः जात नाही. रायझेनवर एसओसी व्होल्टेज हे वेगळं सेटिंग आहे, ते मेमरी कंट्रोलरला जातं. डीडीआर४ वाल्या रायझेनवर १.१ च्या आसपास पुरतं, १.२ ओलांडू नका. रायझेन ७००० वर याबाबत फार जपून. एप्रिल २०२३ मध्ये या मालिकेतले काही प्रोसेसर, विशेषतः एक्स३डी मॉडेल, जळाल्याच्या बातम्या आल्या होत्या. त्यानंतर एएमडीने बायोस अपडेटमधून एसओसी व्होल्टेजला १.३ ची मर्यादा घातली. एक्स्पो चालू केल्यावर बोर्ड स्वतःहून हे व्होल्टेज वाढवत होते. तुमचा बोर्ड त्या काळातला असेल आणि बायोस कधीच अपडेट केलं नसेल, तर बाकी सगळं सोडा, ते आधी करा.

व्होल्टेज वाढवलं की स्थिरता वाढतेच असं नाही हेही लक्षात ठेवा. एका मर्यादेनंतर उष्णता वाढते आणि एरर परत येतात. कमांड रेट १टी वरून २टी करणं, गिअर डाउन मोड चालू ठेवणं, हे उपाय व्होल्टेजपेक्षा निर्धोक आणि कधीकधी तेवढ्यानेच भागतं.

रायझेनवर आणखी एक गाठ असते. ३६०० ची रॅम लावली की बोर्ड इन्फिनिटी फॅब्रिक, म्हणजे प्रोसेसरच्या आतले भाग जोडणारा रस्ता, आपोआप १८०० वर नेतो. कधी रॅम निर्दोष असते आणि हा रस्ताच १८०० ला टिकत नाही. मेमटेस्ट पास, तरी गेम खेळताना क्रॅश आणि लॉगमध्ये व्हीआ १९ ची रांग, असं असेल तर रॅम ३६०० ला ठेवून फॅब्रिक १६०० वर आणून बघा. त्रास थांबला तर चोर सापडला. इंटेलवर ११ व्या पिढीपासून गिअर १ आणि गिअर २ अशी सोय आहे. गिअर २ मध्ये मेमरी कंट्रोलर रॅमच्या निम्म्या वेगाने चालतो, त्यामुळे वेगाची रॅम पेलते, थोडी प्रतीक्षा वाढते.

पास झालं म्हणजे काय झालं?

मेमटेस्टमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ निवांत असतात, कॅबिनेट थंड असतं. खऱ्या कामात तसं नसतं. म्हणून दुसरी चाचणी विंडोजमध्ये. ओसीसीटी, टेस्टमेम५ किंवा प्राइम९५ चा लार्ज एफएफटी, यातलं एक तरी दोन-तीन तास चालवा. प्राइम९५ मुळात प्रचंड मोठ्या मूळ संख्या शोधण्यासाठी लिहिलेलं आहे. त्यात एक चुकीचा बिट म्हणजे अनेक दिवसांची आकडेमोड वाया, म्हणून ते स्वतःचं गणित सतत तपासतं. चूक झाली की "राउंडिंग वॉज ०.५, एक्स्पेक्टेड लेस दॅन ०.४" असं सांगून थांबतं. भावाचा पीसी ३३३३ ला मेमटेस्ट पास झाला आणि प्राइम९५ मध्ये चाळीस मिनिटांत हाच मेसेज आला. ३२०० ला आणल्यावर रात्रभर चालला.

आणि मग मे महिना आला.

रॅमच्या प्रत्येक बिटचा चार्ज एका अतिसूक्ष्म कपॅसिटरमध्ये असतो आणि तो गळत असतो. डीडीआर४ मध्ये दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक ओळ पुन्हा भरली जाते. तापमान वाढलं की गळती वाढते. रॅमच्या वर ग्राफिक्स कार्डाची गरम हवा, खोलीत ३९-४० डिग्री, पत्र्याखालचा स्टुडिओ. थंडीत निर्धोक पास झालेल्या सेटिंगला मेच्या दुपारी दोन एरर आल्या. विदर्भातल्या वाचकांना हे जास्त सांगायला नको. सेटिंग काठावरचं असेल तर उन्हाळा ते उघडं पाडतो, म्हणून जानेवारीत तपासलं असेल तरी एप्रिलमध्ये एकदा परत तपासा. डीडीआर५ च्या स्टिकमध्ये तापमानाचा सेन्सर असतो, एचडब्ल्यूइन्फोमध्ये आकडा दिसतो. भावाने कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला एक पंखा वाढवला, हवा थेट रॅमवर येईल असा. एरर गेल्या, वेगाला हात लावावा लागला नाही.

वेगवेगळ्या किटचं मिश्रण

"पण दादा, मॉडेल नंबर तर सेम होता." हो, होता. एकाच मॉडेल नंबरखाली कंपनी वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या चिप वापरू शकते आणि दोन किट कधीच एकमेकांबरोबर तपासलेले नसतात. किटवर दोन स्टिकचा डबा असेल तर हमी त्या दोघींपुरतीच. नवीन घेताना ३२ जीबी हवी असेल तर १६-१६ च्या दोन घ्या आणि जुन्या विका. चारही स्लॉट भरण्याचा मोह डीडीआर५ मध्ये तर टाळाच. आणि दोनऐवजी एकच स्टिक लावून मोठा वेग मिळवण्यापेक्षा दोन स्टिक मध्यम वेगाने चालवणं केव्हाही चांगलं, ड्युअल चॅनलचा फायदा वेगाच्या दोन पायऱ्यांपेक्षा मोठा असतो.

डीडीआर५ मध्ये ईसीसी आहे मग काळजी कशाला, असंही काही जण म्हणतात. ते ईसीसी चिपच्या आतल्या चुका सुधारतं. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या रस्त्यात बिट बदलला तर ते काही करू शकत नाही, आणि जादा वेगाचा त्रास मुख्यतः त्याच रस्त्यावर होतो.

उलट बाजूही सांगायला हवी. सगळं रॅमवर ढकलू नका. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांवर गेम क्रॅश होत होते, "आउट ऑफ व्हिडिओ मेमरी" अशी दिशाभूल करणारी एरर येत होती. लोकांनी रॅम बदलल्या, एक्सएमपी बंद केलं. जुलै २०२४ मध्ये इंटेलने मान्य केलं की मायक्रोकोडमधल्या दोषामुळे प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्टमध्ये त्यावर नवा मायक्रोकोड आला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली. त्या पिढीचा आय७ किंवा आय९ असेल आणि मूळ वेगावरही क्रॅश होत असेल, तर रॅम विकत घेण्याआधी बायोस अपडेट करा आणि तरी थांबलं नाही तर प्रोसेसरची वॉरंटी विचारा.

रॅम ठीक झाली, आता विंडोजचं काय?

रॅम अस्थिर असताना जे काही डिस्कवर लिहिलं गेलं ते संशयित आहे. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून सिस्टिम फाइल चेकर चालवा, ते विंडोजच्या बिघडलेल्या फाइल शोधून बदलतं. त्याच काळात विंडोज नव्याने टाकली असेल, माझ्या भावाने दोनदा टाकली होती, तर आता तिसऱ्यांदा टाकणंच शहाणपणाचं. फोटो आणि व्हिडिओसाठी असा कोणताही जादूचा उपाय नाही. जुना बॅकअप असेल तर त्याच्याशी ताडून बघा, नवी फाइल "जास्त अलीकडची" आहे म्हणून जुन्यावर चढवू नका.

भावाने आता दोन कार्डांचे दोन संच केलेत. टेराकॉपीने व्हेरिफाय लावून कॉपी करतो, दुसरी कॉपी लॅपटॉपवरून वेगळ्या डिस्कवर घेतो आणि एडिटिंग सुरू झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करत नाही. पीसी ३२०० ला चालतोय, एक्स्पोर्टला घड्याळ लावून बसला तरी ३६०० शी फरक सांगता येत नाही म्हणतो. कॅबिनेटच्या बाजूला त्याने मार्करने लिहून ठेवलंय, "३२०० / सीएल १६ / १.३५, बायोसला हात लावू नये". त्या हळदीच्या व्हिडिओत चौकोनांच्या जागी त्याने दुसऱ्या कॅमेऱ्यातली दृश्यं बसवली. एका ठिकाणी दुसरा कॅमेराच नव्हता, तिथे फोटो लावून वर गाणं टाकलंय.